वजाबाकीत गेलेली वर्षं

स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्यांवर मी काम केलं असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग दुर्बिणीतून कसे दिसतात हो ते?" माझ्या उत्तरानं बहुतेकांचा हिरमोड होतो. मी ते पाहिलेलेच नाहीत. नोकरीच्या पहिल्या बऱ्याच वर्षांत माझ्या उपकरणाला भिंग नव्हतं की आरसा नव्हता. झेनॉन वायू भरलेली धातूची एक पेटी, आत ताणून बसवलेल्या बारीक तारा, आणि क्ष-किरणाचा एखादा कण आत शिरून वायूच्या अणूवर आदळला की तारेवर उमटणारा विजेचा ठोका. त्या ठोक्याला आम्ही काउंट म्हणायचो. काउंट मोजायचे, एवढंच काम.

त्यातही बहुतेक काउंट ताऱ्याचे नसत. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून क्ष-किरण आणि गॅमा किरण निपजतात आणि ते चहूबाजूंनी पेटीत घुसतात. पेटीचा धातूसुद्धा या माऱ्यात आपले थोडे काउंट घालतो. या सगळ्याचं नाव बॅकग्राउंड. मग पेटीचं तोंड काही वेळ ताऱ्याकडे ठेवायचं, काही वेळ शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा. उरेल ते ताऱ्याचं. भर आठवडी बाजारात आपल्या माणसाची हाक ओळखावी तसा हा प्रकार. माझी उमेदीची वर्षं या वजाबाकीत गेली. ताऱ्यांपेक्षा बॅकग्राउंडशीच माझा जास्त परिचय झाला म्हटलं तरी चालेल.

मी मुंबईहून हैदराबादला येऊ लागलो तोही या बॅकग्राउंडपायीच. क्ष-किरण हवेत शोषले जातात, त्यामुळे उपकरण वर न्यावं लागतं. १९६२ साली अमेरिकेत रॉकेटमधून पाठवलेल्या उपकरणाला वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. त्या शोधापासून सुरू झालेल्या कामाबद्दल रिकार्डो जियाकोनी यांना २००२ चं नोबेल मिळालं. पण रॉकेट काही मिनिटांतच खाली येतं. फुगा तासन्‌तास तरंगतो. ४० किलोमीटर उंचीवर डोक्यावरच्या हवेचा हजारातला तीनेक भागच शिल्लक असतो, आणि निदान जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तिथवर पोचतात. हैदराबाद भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. विद्युतभारित कणांना पृथ्वीचं चुंबकत्व इथे जोरात परतवून लावतं, म्हणून युरोप-अमेरिकेत उडवलेल्या फुग्यापेक्षा इथल्या फुग्यावर बॅकग्राउंड कमी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९५९ पासून प्लास्टिकचे फुगे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून सोडले ते विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी. संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांचा मूळ विषय तोच. एप्रिल १९६८ मध्ये त्याच वृश्चिकेतल्या स्रोताकडे इथून फुगा गेला आणि भारतातलं क्ष-किरण खगोलशास्त्र सुरू झालं. पुढे फुग्यांचं केंद्र शहराच्या ईशान्येला, ईसीआयएल या सरकारी कंपनीजवळ आलं.

माझे वडील नांदेडकडचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना ते उस्मानियात शिकले, भौतिकशास्त्रसुद्धा उर्दूतून. मी तिथल्या फुग्यांच्या कामावर चाललोय म्हटल्यावर त्यांनी संशोधनाबद्दल काही विचारलं नाही. सुलतान बाजारात अमुक दुकान अजून आहे का, ते पाहून ये म्हणाले.

जागेनं दिलं तसं जागेनं घेतलंही. विषुववृत्ताकडच्या मुलखात १६-१७ किलोमीटर उंचीवरचा हवेचा थर उणे ८० अंशांच्याही खाली उतरतो. युरोप-अमेरिकेच्या डोक्यावर त्या थरात इतकी थंडी नसते. फुगा पॉलिथिनच्या फिल्मचा. ती इतकी पातळ की तशा चाळीस-पन्नास एकावर एक ठेवल्या तर एक मिलिमीटर व्हावा. थंडीत ती काचेगत ठिसूळ होते. बाहेरच्या देशांतले उत्तम फुगे इथे फुटत, म्हणून इथल्या थंडीत टिकेल अशी फिल्म आणि तिचे फुगे इथेच बनवण्याची विद्या आपल्या लोकांनी कमावली. लांबच लांब टेबलांवर प्लास्टिकच्या पट्ट्या उष्णतेनं जोडत जाणाऱ्या त्या कारागिरांच्या हातावर आमचे प्रबंध उभे होते. प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्यांचा एका ओळीत उल्लेख असे, तोही सामूहिक. हे मला तेव्हाही खटकायचं.

फुगा सोडण्याची वेळ तारा ठरवत नाही, वारा ठरवतो. क्ष-किरणांना दिवसरात्र सारखीच, पण जमिनीलगतचा वारा पडतो तो रात्री नाहीतर पहाटे. त्यामुळे हिवाळ्यात आम्ही संध्याकाळीच मैदानावर जमायचो. आधी छोटे रबरी फुगे सोडून वरचा वारा पाहायचा. मोठ्या फुग्यात हायड्रोजन भरायचा तो थोडाच, कारण वर जाता जाता वायू शेकडो पट फुगतो. जमिनीवर तो म्हणजे माथ्याशी एक छोटासा फुगवटा आणि त्याखाली लोंबणारं भलंमोठं रिकामं प्लास्टिक. चाळीस किलोमीटरवर त्याचाच पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा गोळा होतो. मैदानावरच्या एका जुन्या तंत्रज्ञाला वाऱ्याची नस अचूक कळे. यंत्र काहीही दाखवो, तो गालावर हवा घेऊन म्हणायचा, "नक्को साब, आज नक्को." आणि आम्ही पेलोड, म्हणजे फुग्याला टांगायची आमची पेटी, परत आत घ्यायचो. वैतागून का होईना, मी तिथे थांबायला शिकलो. थांबण्याला काम मानायला तर त्याहून जास्त दिवस लागले.

एका फ्लाइटला सगळं मनासारखं जमलं होतं. वारा पडलेला, डिटेक्टर ठणठणीत. दोन वर्षं राबून ज्या विद्यार्थिनीनं तो बांधला ती टेलिमेट्रीच्या खोलीत उंचीचे आकडे मोठ्यानं वाचत होती. पंधरा किलोमीटर. सोळा. साडेसोळा. मग सोळा. मग पंधरा. कुणी काही बोललं नाही. तिचा आवाज थांबला तरी आकडे उतरतच होते. तो जुना तंत्रज्ञ दारात उभा होता. म्हणाला, "बलून गया साब. पेलोड तो आरा. खाना खा लेव." मला त्या क्षणी त्याचा राग आला होता. पण त्याचं खरं होतं. फुगा थंडीनं फोडला तरी पॅराशूट उघडलेलं होतं, पेटी धड खाली येत होती, आणि दुसऱ्या दिवशी ती आणायला पहाटे जीपनं निघायचं होतं. पुढच्या हंगामात तीच पेटी वर गेली. त्या मुलीचा प्रबंध वर्षभर लांबला. हे वर्ष तिला कुणी भरून दिलं नाही, देणारही नाही. आमच्या धंद्यातला हा भाग उत्साहाच्या भाषणांतून वगळला जातो, म्हणून सांगितला.

पेट्या आणायला जाणं हा माझा आवडता भाग. निरीक्षणं तर रेडिओवरून आधीच आमच्याकडे पोचलेली असत, पण उपकरण महागाचं, ते पुन्हा वापरायचं असे. फुगे बऱ्याचदा पश्चिमेला, सोलापूरच्या अंगाला दोन-तीनशे किलोमीटर वाहत जात. बिदर, गुलबर्गा, लातूर, उस्मानाबाद. बाकीची मंडळी तेलुगू किंवा हैदराबादी हिंदी बोलणारी, त्यामुळे सीमा ओलांडली की बोलणी माझ्याकडे. उमरग्याच्या पुढे एका गावात पेटी शाळूच्या रानात उतरली होती. भोवती सगळं गाव. पोलीस पाटलांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, पण प्लास्टिकचा मोठा तुकडा आधीच कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर चढला होता. आम्ही तिकडे पाहिलं नाही. रानाचे मालक, एक तात्या, खाली बसून पेटीकडे निरखून पाहत होते.

"काय बघता यानं?"

"एक तारा फुटलाय तात्या, त्याचा उजेड मोजतो."

"कवा फुटला?"

मी हिशेब सांगितला. फुटलेला लोकांना दिसला १०५४ साली. पण तो साडेसहा हजार प्रकाशवर्षं लांब, म्हणजे खरा फुटला त्याला साडेसात हजार वर्षं झाली.

तात्यांनी थोडा विचार केला. "साडेसात हजार वर्सं झाली म्हणता, मग घाई कशाची? हुरडा खाऊन जावा."

आम्ही हुरडा खाऊनच निघालो.

तो तारा म्हणजे क्रॅब, वृषभ राशीतला. १०५४ च्या जुलैत चिनी निरीक्षकांनी नोंदवलेला हा "पाहुणा तारा" तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता. आता तिथे पसरत चाललेला वायू आहे आणि मधोमध सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा. हैदराबादवरून तो जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे फुग्याच्या वर उरलेली थोडी हवाही त्याच्या आड कमीत कमी येते. शिवाय तो तेजस्वी, आणि तेव्हा स्थिर मानलेला. म्हणून जगातला प्रत्येक क्ष-किरणवाला नवं उपकरण आधी क्रॅबकडे वळवून तपासायचा. अमुक स्रोत क्रॅबच्या हजारांश तेजाचा, अशीच आमची भाषा. क्रॅबचं माप चुकीचं आलं तर दोष उपकरणाचा, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असू.

२०११ साली अनेक उपग्रहांची निरीक्षणं एकत्र करून एक निबंध आला. २००८ ते २०१० या काळात क्रॅब सुमारे ७ टक्क्यांनी मंदावला होता. चार वेगवेगळ्या उपग्रहांवर तीच घट, म्हणजे उपकरणाला दोष देण्याची सोय राहिली नाही. त्या रात्री मी जुन्या फ्लाइटच्या वह्या काढून बसलो. क्रॅब कमी भरला म्हणून डिटेक्टरची कार्यक्षमता खाली धरलेल्या काही जागा त्यांत होत्या. त्यातलं किती डिटेक्टरचं आणि किती खुद्द ताऱ्याचं, हे आता ठरवता येणार नाही. वह्या ठेवून दिल्या. ज्यावर मोजायचं ती काठीच हलत असते, हे समजायला मला बरीच नोकरी करावी लागली.

मात्र माझ्या कामाचं वळण बदललं ते त्याच्या आधी, नव्वदच्या दशकात. फुग्यावरून फुटलेल्या ताऱ्याचा फक्त वरचा, जास्त ऊर्जेचा क्ष-प्रकाश मिळतो. खरी चव खालच्या ऊर्जेत असते आणि ती हवा पूर्ण गिळते. त्यासाठी उपग्रहच हवा. १९९३ साली सुटलेल्या जपानच्या असका उपग्रहाची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होत. ती आम्ही टेपवर मागवली. शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए या अवशेषाचा वर्णपट पडद्यावर उघडला आणि मी नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं आमच्या आलेखात एक उतरती रेघ असे, तीही चुका दाखवणाऱ्या उभ्या काड्यांनी भरलेली. इथे सरळ सुळके उभे होते. सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम, लोह. ताऱ्यातून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं उडालेलं द्रव्य भोवतीच्या विरळ वायूवर आदळतं, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतं, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेला क्ष-किरण सोडतं. कुणाला काही वजा करून दाखवायची गरज नव्हती.

पुढे १९९९ साली चंद्रशेखरांच्या नावाची चंद्रा वेधशाळा वर गेली. तिनं जगापुढे ठेवलेलं पहिलं चित्र याच अवशेषाचं, आणि त्याच्या मधोमध तोवर कुणाला न सापडलेला न्यूट्रॉन ताऱ्याचा ठिपका. त्या चित्रांवरून वर्षभरात असंही कळलं की एका बाजूला लोह सिलिकॉनच्या बाहेर आहे. ताऱ्यात लोह सर्वांत आत असतं. म्हणजे फुटताना आतलं बाहेर आलं. हे वाचून मला जो आनंद झाला तो "आपण सगळे ताऱ्यांच्या धुळीचे" या वाक्यानं आजवर कधी झाला नाही. ते वाक्य खोटं नाही, पण प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी ते इतकं गुळगुळीत झालंय की ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही उमटत नाही. कुठला थर कुठल्या दिशेला उडाला हे अकरा हजार प्रकाशवर्षांवरून मोजता येतं, हे मला त्याहून कितीतरी नवलाचं वाटतं.

आता माझ्या वजाबाकीकडे. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञांनी असकाच्याच निरीक्षणांतून १००६ साली फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाबद्दल दाखवलं की त्याच्या कडांवरचा क्ष-प्रकाश तापलेल्या वायूचा नाही. प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना तो देतात. स्फोटाची लाट कणांना प्रचंड वेग देते याचा तो मोठा पुरावा. विश्वकिरण सुपरनोव्हातून, म्हणजे ताऱ्यांच्या अशा स्फोटांतून येत असावेत असं बाडे आणि झ्विकी यांनी १९३४ सालीच सुचवलं होतं. २०१३ साली फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांवरून मिथुनेतल्या आणि गरुडातल्या दोन अवशेषांत प्रोटॉनच्या प्रवेगाचीही खूण मिळाली. विश्वकिरण म्हणजे बव्हंशी प्रोटॉनच.

हे सगळे निबंध मी त्या त्या वेळी वाचले होते, विद्यार्थ्यांना शिकवलेही होते. पण त्यांचा माझ्या पेटीशी असलेला संबंध एकदम एका सकाळी लक्षात आला. आम्ही आयुष्यभर बॅकग्राउंड म्हणून जे वजा केलं ते मुळात विश्वकिरणांचं देणं, आणि ते विश्वकिरण अशाच कुठल्यातरी फुटलेल्या ताऱ्यांनी फेकलेले. एका ताऱ्याचा आवाज ऐकण्यासाठी आम्ही इतर असंख्य ताऱ्यांचा आवाज गाळून टाकत होतो. वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी हे कण इतके भरकटवलेले असतात की कोणता कण कुठल्या ताऱ्याचा, हे सांगायची सोय नाही. म्हणून वजा करणंच बरोबर होतं, आजही मी तेच करीन. फक्त वहीतल्या बॅकग्राउंडच्या स्तंभाला टाकाऊ म्हणणं मी सोडलं.

नंतरचं थोडक्यात. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा भारताचा उपग्रह गेला. त्यावरच्या झेनॉनच्या मोठ्या डिटेक्टरचा पहिला अवतार २००८ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहूनच फुग्यावर तपासला गेला होता. फुगे गेले, उपग्रह आले, असं सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. ॲस्ट्रोसॅटवरच्या दुसऱ्या एका उपकरणानं क्रॅबच्या क्ष-प्रकाशाचं ध्रुवीकरण त्याच्या गिरकीबरोबर कसं बदलतं ते मोजलं. मग १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट हा पुढचा उपग्रह. तोवर मी निवृत्त होऊन हैदराबादलाच स्थायिक झालो होतो. ५ जानेवारीला त्यावरच्या एक्सस्पेक्ट उपकरणानं पहिली नजर टाकली ती कॅसिओपिया एवर. इस्रोनं प्रसिद्ध केलेल्या आलेखात मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम आणि लोह ओळीनं उभे होते. टेपवर मागवून पाहिलेले सुळके आपल्या उपकरणातून आले होते. फोनवर ते बायकोला दाखवले. ती म्हणाली, "यात तुमचं काय?" काही नाही, म्हणालो, आणि ते खरंच होतं. त्या चमूत माझा एक माजी विद्यार्थीही नव्हता.

मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या वाचकांना एक सांगायचं आहे. हैदराबादहून फुगे अजूनही सुटतात, बहुधा रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान, आणि तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते. तुमच्या रानात मोठं पॅराशूट आणि त्याला लटकलेली पेटी उतरली तर घाबरू नका. ती उघडू नका, हलवू नका, आत हाय व्होल्टेज असू शकतं. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो. तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात, पोस्टात कळवा. पेटी जशीच्या तशी मिळाली तर कळवण्याचा खर्च मिळतो आणि बक्षीसही.